गोडाच्या पोटी दडलेली गौडी

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती बांधवांच्या घरांतून नारळाच्या रसाचा, भाजलेल्या पिठाचा आणि लोण्याचा घमघमाट सुटतो. गोव्यात तर घरोघरी दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल असे नाना पदार्थ होतात आणि रुमालाखाली झाकलेली त्यांची ताटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात. त्यांत हिंदू शेजाऱ्यांची घरेही असतात. चवथीला वा दिवाळीला त्या घरांतून फराळाचे ताट उलट येते. सण कोणाचा, असा प्रश्न अशा वेळी कोणी विचारीत नाही. ताट कोणाचे आले, एवढेच पाहिले जाते.

अलीकडे या ताटात एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. ओबडधोबड, काळसर, कोकोच्या भुकटीत घोळलेली एक गोळी. तिला ट्रफल म्हणतात. ट्रफल ही खरे तर युरोपात जमिनीखाली उगवणारी एक महागडी अळिंबी होय. मातीने माखलेल्या त्या कंदासारखे रूप, म्हणून चॉकलेटच्या या गोळीसही तेच नाव पडले. फ्रान्समधील शांबेरी गावच्या एका हलवायाने १८९५ च्या नाताळात ती प्रथम केली, असे सांगतात. नाताळच्या निमित्ताने ही ट्रफले घरी वळून, त्यांत रम, ब्रँडी किंवा संत्र्याचे मद्य घालून, रंगीत कागदाच्या डबीतून इष्टमित्रांस देण्याची चाल युरोपात रुळली आहे. आता ती मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांतही आली आहे.

हरिकथेत आणि संस्कृत पोथ्यांत साठी ओलांडलेल्या आमच्यासारख्याने रमच्या चॉकलेटांविषयी लेखणी उचलावी, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. आम्ही स्वतः या पदार्थास शिवत नाही. परंतु दुसऱ्याच्या सणाच्या पानात काय वाढावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तो आम्हांस नकोही. प्रश्न निराळा आहे. ही डबी आता ज्याने केली त्याच्याच घरी राहत नाही. ती आमच्यासारख्या क्षेत्राच्या गावीही येते. शहरात नोकरी करणारी मुले येताना आणतात, जुने स्नेही पाठवितात. आणि डबीचे झाकण उघडणाऱ्यास आत काय आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. लाडवात बेदाणा आहे की मनुका, हे न कळले तर बिघडत नाही. येथे मात्र बिघडू शकते. म्हणून हा प्रपंच.

देवांचे अन्न

चॉकलेट ज्या झाडाच्या बियांपासून होते, त्यास स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये 'थिओब्रोमा' असे नाव दिले. ग्रीक भाषेत थिऑस म्हणजे देव आणि ब्रोमा म्हणजे अन्न. शब्दशः भाषांतर करावयाचे तर देवान्न. मध्य अमेरिकेतील प्राचीन लोकांच्या धर्मविधींत कोकोला मानाचे स्थान होते, त्यामुळे हे नाव अनाठायी म्हणता येत नाही.

या देवान्नाचा मद्याशी संबंध आजचा नाही. कोकोच्या फळातील गोड, चिकट गरासह बिया काढून पाचसहा दिवस ढीग घालून आंबवितात. गरातील साखरेचे प्रथम मद्य होते, मग त्या मद्याचे आम्ल होते, आणि त्या उष्णतेत व आम्लात बीच्या पोटी चॉकलेटच्या चवीचा पाया पडतो. पुढे बिया वाळवून भाजल्या की हाती येते ते निखळ चॉकलेट. त्यात मद्य राहिलेले नसते. होंडुरासमधील प्वेर्तो एस्कोंदिदो येथे इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराच्या मृत्पात्रांत कोकोचे अंश सापडले. त्यांवरून २००७ मध्ये संशोधकांनी असा तर्क मांडला की, तेथील लोक आरंभी या गराचेच आंबविलेले पेय पीत असावेत. तात्पर्य, मद्यातून निघालेल्या पदार्थात माणसाने पुन्हा मद्य घातले, एवढेच.

चॉकलेट युरोपात पोहोचले तेव्हा तेथील धर्मपंडितांपुढे जो प्रश्न पडला, तो वाचून आमच्या वाचकांस घरच्यासारखे वाटेल. हे उपवासाला चालते काय? स्पेनमध्ये आंतोनिओ दे लेओन पिनेलो यांनी १६३६ साली याच एका प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पुढे १६६४ मध्ये रोम येथे कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निर्णय मांडला की, चॉकलेट हे पेय आहे, आणि पेयाने उपवास मोडत नाही. साबुदाणा चालतो तर भगर का नाही, यावर एकादशीला आपल्या माजघरात झडणारे वाद आणि रोममधील हा वाद यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. अर्थात तो निर्णय आजच्या ट्रफलास लागू पडत नाही. त्या काळी चॉकलेट प्यायचीच वस्तू होती. चावून खाण्याची वडी इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी १८४७ मध्ये केली, त्यानंतर ते खाण्याचे झाले.

पण या वादातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. व्रत करणाऱ्यास आपल्या पोटात काय जाते, हे जाणून घ्यावयाचे असते. ज्याला व्रत नाही त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्याला आहे त्याला तो दिवसभराच्या पुण्याचा वाटतो.

ट्रफल कसे वळतात

आमच्या सूनबाई दरवर्षी नाताळात आपल्या कचेरीतील मैत्रिणींसाठी ट्रफल करतात. आम्ही दाराशी बसून पाहिलेली आणि त्यांस विचारून लिहून घेतलेली कृती येणेप्रमाणे.

काळे, कमी गोड चॉकलेट २०० ग्रॅम घ्यावे. वेष्टनावर कोको बटर लिहिलेले असावे. वनस्पती तेलाचे 'कंपाउंड' चॉकलेट स्वस्त पडते, परंतु त्याची चव जिभेवर मेणासारखी राहते. फ्रेश क्रीम १०० मिलिलिटर, लोणी २० ग्रॅम, रम ३० मिलिलिटर आणि घोळण्यासाठी बिनसाखरेची कोको भुकटी, एवढे साहित्य पुरते. यात २८ ते ३० गोळ्या होतात.

चॉकलेट सुरीने बारीक चिरून कोरड्या भांड्यात ठेवावे. भांडे कोरडेच हवे, कारण वितळत्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले तरी ते आकसून त्याचा रवाळ गोळा होतो. क्रीम मंद आचेवर ठेवून कडेला बुडबुडे दिसू लागताच उतरवावे, उकळू देऊ नये. ते चॉकलेटवर ओतून दोन मिनिटे स्वस्थ राहावे. मग मधोमध चमचा धरून हळूहळू ढवळीत बाहेर यावे. पाहता पाहता काळे आणि पांढरे एक होऊन तुकतुकीत लगदा तयार होतो. फ्रेंच लोक त्यास गनाश म्हणतात. गंमत अशी की, त्या भाषेत या शब्दाचा एक अर्थ 'मूर्ख' असा आहे. चॉकलेटात चुकून साय सांडणाऱ्या एका उमेदवारास त्याच्या मालकाने ही शिवी दिली आणि तीच पदार्थास चिकटली, अशी दंतकथा आहे.

मग लोणी घालावे. लगदा कोमट झाला, भांडे हाताला सोसवू लागले, की रम बारीक धारेने घालीत ढवळावे. घाईने ओतल्यास स्निग्धांश फुटून तेल सुटते. तसे झाले तर चमचाभर कोमट दूध घालून हलक्या हाताने ढवळल्यास बहुधा ते पुन्हा सांधते. झाकून तीनचार तास थंडीत ठेवावे. नंतर चमच्याने लहान गोळे काढून बेसनाचे लाडू वळावे तसे वळावे, मात्र हात गार पाण्याने धुऊन कोरडे करावेत. हाताची ऊब लागली की गोळा पाघळतो, कारण कोको बटर ३४ अंशांच्या आतच वितळते. म्हणूनच आपल्या हवेत हा उद्योग वैशाखापेक्षा मार्गशीर्ष-पौषात बरा. शेवटी कोको भुकटीत घोळून डबीत ठेवावे. यात ताजे क्रीम असल्याने डबी शीतकपाटात ठेवून आठदहा दिवसांत संपवावी. रम आहे म्हणजे टिकेल, हा समज खोटा. एवढ्या अल्प प्रमाणाने पदार्थ टिकत नाही.

मद्य उडून जाते काय?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "बुवा, गरम पदार्थात घातलेली दारू उडून जाते. उरतो तो नुसता वास." हे वाक्य आम्ही अनेक घरी ऐकले आहे. ते सांगणारे लबाड नसतात, त्यांचा तसा प्रामाणिक समज असतो. मद्यार्क ७८ अंशांस उकळतो आणि पाणी १०० अंशांस, यावरून तो समज निघाला. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. अमेरिकी कृषिखात्याने यासंबंधी एक तक्ता प्रसिद्ध केला आहे. उकळत्या द्रवात मद्य घालून लगेच विस्तवावरून उतरविल्यास त्यातील ८५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. पाव तास शिजवूनही ४० टक्के राहतो. अडीच तास शिजविल्यावर कोठे तो ५ टक्क्यांवर येतो. ट्रफलात तर रम उकळत्या द्रवात पडत नाही, ती कोमट लगद्यात पडते आणि नंतर विस्तवाचे नावही नसते. म्हणजे घातलेली बहुतेक सारी रम जेथल्या तेथे राहते.

आता हिशेब करू. आपल्या देशात मिळणाऱ्या रममध्ये सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटर रममध्ये त्याचे वजन सुमारे १० ग्रॅम भरते. तीस गोळ्या झाल्या तर दर गोळीस १ मिलिलिटर रम, म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा मद्यार्क. एका गोळीने धट्ट्याकट्ट्या माणसास झिंग येणार नाही, हे उघड आहे. हा हिशेब आम्ही घाबरविण्यासाठी दिलेला नाही. थोडे आहे ते थोडे म्हणावे. पण थोडे म्हणजे शून्य नव्हे, हेही त्याच हिशेबातून दिसते.

शुक्राचार्यांचा पेला

मद्य पोटात गेले, पण कळले नाही, अशी एक कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. आम्ही ती अनेक वर्षे उत्तररंगात लावीत आलो आहोत. बृहस्पतींचा पुत्र कच हा संजीवनी विद्या शिकण्यासाठी असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे आला. असुरांनी त्यास मारावे आणि गुरुकन्या देवयानीच्या आग्रहावरून शुक्राचार्यांनी त्यास उठवावे, असे झाले. तेव्हा असुरांनी शेवटचा उपाय योजिला. कचास जाळून त्याची राख सुरेत मिसळली आणि तो पेला स्वतः गुरूंच्या हाती दिला. गुरूंनी तो प्राशन केला. हाका मारिल्यावर शिष्याचे उत्तर आले ते गुरूंच्याच उदरातून.

पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्यास विद्या दिली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्या विद्येनेच त्याने गुरूंस जीवदान दिले. मग क्रुद्ध झालेल्या शुक्राचार्यांनी मद्यपानाविरुद्ध मर्यादा घालून दिली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९१३ मध्ये याच कथेवर 'विद्याहरण' हे संगीत नाटक रचले आणि मद्यपानाचा अनर्थ महाराष्ट्राच्या रंगभूमीवर उभा केला.

कीर्तनात या कथेचा रोख बहुधा मद्यावर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कथेचा दुसरा पदर आम्हांस दिवसेंदिवस अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. तो पेला शुक्राचार्यांनी मागून घेतला नव्हता. ज्यांना ते आपले म्हणत होते, त्यांनी तो आदराने पुढे केला. पेल्यात काय आहे, हे देणाऱ्यास ठाऊक होते आणि घेणाऱ्यास नव्हते. सारा अनर्थ त्या एवढ्या अंतरातून झाला. असुरांच्या मनात कपट होते, आणि ट्रफल देणाऱ्या आपल्या भाच्याच्या वा मैत्रिणीच्या मनात निखळ प्रेम असते, हा भेद मोठाच आहे. पण न सांगता दिल्यावर घेणाऱ्याच्या पोटात जे जाते, ते देणाऱ्याच्या हेतूने बदलत नाही.

अजाणता झाले तर?

मनुस्मृतीने सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत. गुळापासूनची गौडी, पिठापासूनची पैष्टी आणि मधापासून वा मोहाच्या फुलांपासूनची माध्वी. रम ही उसाच्या मळीपासून होते. ऊर्ध्वपातनाची आधुनिक रीत सोडली तर शास्त्राच्या दृष्टीने ती गौडीच ठरते. आता कोणी अजाणतेपणी मद्य प्याले तर? तेथे शास्त्र सरळ क्षमा करून मोकळे होत नाही. त्याने पुन्हा संस्कार करून घ्यावा, असे स्मृती सांगते. जाणूनबुजून केलेल्या पापापेक्षा प्रायश्चित्त फार हलके, परंतु प्रायश्चित्त आहेच. आज हे कोणी अक्षरशः पाळीत नसेल. त्यामागील जाणीव मात्र ध्यानी घ्यावी. व्रतस्थ माणसास "तुम्हांला ठाऊक नव्हते, तेव्हा दोष नाही" असे आपण म्हणतो, त्याने त्याच्या मनाचे समाधान होत नाही.

ज्यांचा हा सण आहे त्यांच्या धर्मग्रंथातही हा विचार आहे, आणि अधिक कोमल रीतीने आहे. बायबलच्या जुन्या करारात नाजीर या व्रतस्थांचे वर्णन येते. त्यांनी द्राक्षारस तर वर्ज्य करावाच, पण द्राक्षे आणि मनुकाही खाऊ नयेत, असा दंडक आहे. दुसऱ्या बाजूस, काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला तेव्हा येशूंनी पाण्याचा द्राक्षारस केला, हीही कथा त्याच ग्रंथात आहे. म्हणजे पिणारे आणि न पिणारे असे दोघेही त्या परंपरेत सुखाने नांदतात. मग दोघांनी एका पंक्तीस कसे बसावे? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात याचे उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा की, खाणेपिणे स्वतः शुद्ध असले तरी ज्यायोगे आपल्या बंधूला ठेच लागेल, ते न करणे बरे. १८६९ मध्ये अमेरिकेत टॉमस वेल्च या मेथॉडिस्ट गृहस्थाने द्राक्षांचा रस तापवून, न आंबता टिकेल असा केला, तो अशाच विचाराने. प्रभुभोजनाच्या विधीत मद्य नको असणाऱ्यांची सोय व्हावी, हा त्याचा हेतू होता.

सोळा वर्षे

हे सारे व्रतांचे झाले. याहून अवघड एक व्रत आहे आणि त्याचा कोणत्याही पोथीत संकल्प सांगितलेला नाही. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. एके काळी दारूने त्यांचा संसार बुडत आला होता. त्यांनी ती सोडली, त्यास आता सोळा वर्षे होऊन गेली. गेल्या वर्षी कोणा आप्ताकडून घरी केलेल्या ट्रफलांची डबी त्यांच्याकडे आली. वर शुभेच्छांखेरीज काही लिहिलेले नव्हते. त्यांनी एक गोळी उचलली, ओठांशी नेली आणि वासाने थबकले. गोळी परत डबीत ठेवून ते आमच्याकडे चालत आले. "बुवा, तोंडात गेली नाही. पण रात्रभर तो वास नाकातून जायचा नाही," एवढेच म्हणाले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. ती रम होती म्हणून वासाने ओळखू आली. संत्र्याचे किंवा कॉफीचे मद्य असते तर चॉकलेटच्या वासात ते मिसळून गेले असते.

एक मिलिलिटर आणि सोळा वर्षे. ही तुलना ज्याला हास्यास्पद वाटते, त्याने अशा माणसाच्या शेजारी एक रात्र बसावे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या चळवळीची सारी भिस्त पहिला घोट न घेण्यावर आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण' सारख्या संस्थेतून बरी होऊन परतलेली माणसे आज महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. ती कपाळावर तसे लिहून हिंडत नाहीत. आपण ज्यांना डबी देतो, त्यांत असा कोणी आहे काय, हे देणाऱ्यास बहुधा ठाऊकही नसते.

काहींच्या बाबतीत प्रश्न मनाचा नसून शरीराचा असतो. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरम नावाचे औषध देतात. ते चालू असताना थोडा मद्यार्क पोटात गेला तरी चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असे विकार उद्भवतात. म्हणून खोकल्याच्या औषधातील मद्यार्कसुद्धा टाळावा, असे डॉक्टर अशा रुग्णास बजावितात. गर्भवतीने मद्य पूर्ण वर्ज्य करावे, हाही वैद्यकाचा आजचा सल्ला आहे. लहान मुलांचे तर सांगावयासच नको. चॉकलेट दिसले की पहिला हात त्यांचाच. आणि माळकरी, जैन, मुसलमान असे कितीतरी शेजारी मद्य वर्ज्य मानतात. जाता जाता हेही सांगू की, दत्तप्रभूंच्या पायाशी जे श्वान बसतात, त्यांच्या जातीस हे 'देवान्न' मद्यावाचूनही विषासारखे आहे. कोकोतील थिओब्रोमीन कुत्र्यास बाधते.

दोन ताटे आणि एक चिठ्ठी

मग यावर उपाय काय? करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे फार लहान आहे. डबीवर एक चिठ्ठी असावी. तीवर स्वच्छ मराठीत, किंवा घेणारा जी भाषा वाचतो तीत, लिहावे : "यात रम आहे. मुलांसाठी नाही. अमुक तारखेपर्यंत खावे." एवढ्याने काम होते. द्राक्षासवाच्या बाटलीवर त्यातील मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. औषध जे सांगते, ते मिठाईने का लपवावे?

कोणी म्हणतात, सांगितले की गंमत जाते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला चालते, त्याची गंमत चिठ्ठी वाचून वाढते. ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी ती गंमत आधीपासूनच नव्हती. कोणी म्हणतात, विचारणे अवघड वाटते, समोरचा रागावेल. तर विचारू नये, सांगावे. "तुम्ही घेता काय?" हा प्रश्न खासगी आहे. "यात रम आहे, आणि हे दुसरे बिनरमचे" हे वाक्य मात्र कोणालाही बोलता येते, आणि ऐकणाऱ्यास कारण न सांगता निवड करता येते.

म्हणून सूनबाई दोन घाणे करतात. पहिला बिनमद्याचा, म्हणजे चमचे आणि भांडी एकमेकांत मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यात रमच्या जागी संत्र्याचा रस आटवून घालतात आणि वर संत्र्याची साल किसतात. कधी जायफळ आणि दाट कॉफी, तर कधी चमचाभर गुलकंद. हे गोळे सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळतात, म्हणून ते पांढरे दिसतात. रमचे गोळे कोकोत घोळलेले, म्हणून काळे. दोन रंग, दोन निराळ्या डब्या. एका डबीत दोन्ही कधीच ठेवीत नाहीत, कारण प्रवासात भुकटी इकडची तिकडे लागते.

कायद्याचेही दोन शब्द सांगावयास हवेत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यास व बाळगण्यास परवाना लागतो. गुजरात आणि बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. तेथील आप्तांस रमची डबी पाठवून त्यांस अडचणीत टाकू नये. आणि घरगुती भेट निराळी, विक्री निराळी. विकावयाचे मनात असेल त्याने आधी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि उत्पादनशुल्क खात्याकडे विचारणा करावी.

दिवाळीत ज्या घरी दुखवटा असतो, त्या घरी फराळ होत नाही. शेजारी तो करून नेऊन देतात, पण नेण्याआधी त्या घराची स्थिती ध्यानात घेतात. दानाचे हे जुने शहाणपण आहे. आपल्याकडे काय आहे, यापेक्षा घेणाऱ्यास काय सोसेल, हे आधी पाहावयाचे.

नाताळात भेटी देण्याच्या प्रथेमागे ज्यांचे स्मरण केले जाते, त्या संत निकोलस यांची आख्यायिका याच अंगाने पाहावी. चौथ्या शतकात मायरा येथे ते बिशप होते. एका निर्धन पित्याच्या तीन मुलींची लग्ने अडली होती. निकोलस यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या तीन थैल्या आत टाकल्या. देणारा अंधारात राहिला, पण थैलीत काय आहे, हे सकाळी उघडताच त्या घराला कळले. दात्याने आपले नाव लपविले तर ते पुण्य होय. दिलेल्या वस्तूचे नाव मात्र त्याने लपवू नये.

यंदा ज्यांच्या घरी ट्रफलांचे गोळे वळले जातील, त्यांचा गनाश न फुटो, हात गार राहोत, आणि प्रत्येक डबीवर ती लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असो. मग डबी कोणत्याही गावी, कोणत्याही घरी जावो. उघडणाऱ्याने ती निःशंकपणे उघडावी आणि आपल्याला रुचेल, पचेल आणि आपल्या व्रतास साजेल ते उचलावे.